मैदानावरचा मान

विद्यार्थी मित्रांनो, तुम्ही क्रिकेट खेळता ना? भंडारा, तुमसर, पवनी, साकोली, कोठेही जा. सुट्टीच्या दिवशी मैदानावर मुलांची गर्दी दिसते. खेळ संपला, की सारे खेळाडू एकाच माठातले पाणी पितात. तुम्हांला त्यात विशेष काही वाटत नाही. पण सव्वाशे वर्षांपूर्वी एक असा खेळाडू होता, की ज्याच्या गोलंदाजीवर संघ सामने जिंकत असे. त्याला चहा मात्र इतरांपासून दूर, वेगळ्या मातीच्या भांड्यात दिला जाई. त्या खेळाडूचे नाव बाळू पालवणकर.

बाळूंचा जन्म १८७६ साली धारवाड येथे झाला. त्यांचे घराणे मूळचे कोकणातले. वडील लष्करात नोकरीला होते. पुढे हे कुटुंब पुण्याला आले. ते चर्मकार समाजाचे होते आणि त्या काळी या समाजाला अस्पृश्य मानले जाई. घरची गरिबी होती. बाळू आणि त्यांचा भाऊ शिवराम लष्करी अधिकाऱ्यांनी टाकून दिलेल्या जुन्या बॅटी व चेंडू घेऊन क्रिकेट शिकले.

लहान वयातच बाळूंना काम करावे लागले. पारशी लोकांच्या एका क्रिकेट क्लबात ते खेळपट्टी झाडत आणि तिच्यावर रोलर फिरवत. पगार होता महिना तीन रुपये. १८९२ च्या सुमारास ते युरोपियन लोकांच्या पूना क्लबात गेले. तेथे चार रुपये मिळू लागले. जाळी बांधायची, मैदान आखायचे आणि साहेबांना सराव हवा असेल तेव्हा गोलंदाजी करायची, हे त्यांचे काम.

तेथे ग्रेग नावाचे एक नामांकित इंग्रज फलंदाज होते. ते इतरांच्या आधी मैदानावर येत आणि बाळूंच्या गोलंदाजीवर सराव करत. बाळू डाव्या हाताने संथ, फिरकी चेंडू टाकत. तासन्‌तास गोलंदाजी करून त्यांचा हात तयार झाला. पण बॅट कधी त्यांच्या हाती दिली गेली नाही. फलंदाजी साहेबांनी करायची आणि चेंडू नोकराने टाकायचा, अशी तेथील रीत होती.

बाळूंची कीर्ती पुण्यात पसरली. तेथील हिंदू क्लबाला साहेबांच्या संघाला हरवायचे होते. बाळूंना संघात घ्यावे की नाही, यावर बराच वाद झाला. शेवटी त्यांना घेतले. मैदानावर सर्वजण त्यांनी टाकलेला चेंडू हातात घेत. चहाची वेळ झाली, की तेच लोक त्यांना दूर ठेवत. जेवणाचे ताटही वेगळे असे. विचार करा, मित्रांनो, सामना जिंकून दिलेल्या माणसाला असे वागवले, तर त्याच्या मनाला काय वाटत असेल?

पुण्यात प्लेगची साथ आल्यावर बाळू मुंबईला गेले. तेथे त्यांना रेल्वेत नोकरी मिळाली आणि ते हिंदू जिमखान्याकडून खेळू लागले. त्या काळी मुंबईत धर्मावरून संघ पाडलेले होते. १९०६ साली हिंदू संघाने युरोपियन संघाचा १०९ धावांनी पराभव केला. त्या सामन्यात बाळूंनी ८ बळी घेतले. १९१२ पासून मुस्लिम संघही या स्पर्धेत उतरला.

१९११ साली पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली भारतीय संघ इंग्लंडला गेला. आपला संघ बहुतेक सामने हरला. बाळूंचा खांदा दुखत होता, वयही पस्तीस वर्षांचे होते. तरीही त्यांनी या दौऱ्यात ११४ बळी घेतले. मायदेशी परतल्यावर त्यांचा सत्कार झाला. तरुण भीमराव आंबेडकरांनाही त्यांचा मोठा अभिमान वाटत असे.

एवढे होऊनही बाळूंना हिंदू संघाचे कर्णधार केले गेले नाही. १९१३ साली कर्णधार झालेल्या पै यांनी हा मान खरे तर बाळूंचा होता, हे जाहीरपणे मान्य केले. पण निवड करणाऱ्यांचे मन बदलले नाही. १९२० साली तर बाळूंना संघातूनच वगळले. तेव्हा त्यांचे भाऊ विठ्ठल आणि शिवराम यांनी या अन्यायाविरुद्ध खेळण्यास नकार दिला. या गोष्टीचा बोभाटा झाला. पुढच्या सामन्यात तिघेही भाऊ संघात परतले आणि बाळू उपकर्णधार झाले. पै काही वेळ मुद्दाम मैदानाबाहेर गेले. तेवढा वेळ बाळूंनी संघाचे नेतृत्व केले.

१९२३ साली विठ्ठल पालवणकर हिंदू संघाचे कर्णधार झाले आणि त्यांच्या संघाने युरोपियन संघाला हरवले. थोरल्या भावाला जे मिळाले नाही, ते धाकट्याने मिळवले.

पुढे बाळू राजकारणात आले. १९३७ च्या निवडणुकीत ते काँग्रेसतर्फे डॉ. आंबेडकरांच्या विरोधात उभे राहिले आणि हरले. दोघांचे मार्ग निराळे झाले होते. पण दलितांना मानाने जगता यावे, ही इच्छा दोघांचीही होती. तुमच्या भंडाऱ्यातूनही १९५४ साली डॉ. आंबेडकर लोकसभेची पोटनिवडणूक लढले होते. त्यानंतरच्या वर्षी, १९५५ मध्ये, बाळूंचे निधन झाले. धर्मावर आधारलेली ती क्रिकेट स्पर्धा त्याआधीच, १९४६ साली, बंद झाली होती.

मित्रांनो, हक्क हा शब्द मराठीत आहे, तसा तुमच्या उर्दूतही आहे. बाळूंनी मेहनतीने नाव मिळवले. त्यांचा हक्क मात्र लोकांनी अडवून ठेवला. उद्या तुम्ही मैदानावर संघ निवडाल, तेव्हा एखादा मुलगा गरीब म्हणून किंवा परका म्हणून बाजूला उभा आहे का, ते पाहा. त्याला आवाज द्या. आणि फक्त गोलंदाजीच नव्हे, बॅटही त्याच्या हाती द्या.