लोकमान्य टिळक आणि लखनौचा करार

गोमतीपलीकडे महानगरात राहणाऱ्या आम्हां मराठी कुटुंबांना लोकमान्यांचे स्मरण गणेशोत्सवात होते, ते ओघानेच. परंतु पोटापाण्यासाठी आपण ज्या नगरात आलो, त्याच नगरात लोकमान्यांनी आयुष्यातला एक अत्यंत अवघड निर्णय घेतला, हे आमच्या मुलांना क्वचितच ठाऊक असते. मंडळाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त ती हकिकत येथे सांगणे आम्हांस उचित वाटते.

बाळ गंगाधर टिळकांचा जन्म २३ जुलै १८५६ रोजी रत्नागिरीस झाला. १८८० साली न्यू इंग्लिश स्कूल आणि १८८१ साली 'केसरी' व 'मराठा' ही पत्रे निघाली. १८९३-९४ च्या दंग्यांच्या काळात त्यांची लेखणी उघडपणे हिंदूंच्या बाजूने चालली आणि सार्वजनिक गणेशोत्सवाचा प्रसारही त्याच वातावरणात झाला. १८९७ साली राजद्रोहाबद्दल दीड वर्षाची शिक्षा, १९०७ साली सुरतेस काँग्रेसमध्ये फूट आणि १९०८ पासून सहा वर्षे मंडालेचा तुरुंगवास, असा तो खडतर प्रवास होता. मंडालेसच 'गीतारहस्य' लिहून झाले. जून १९१४ मध्ये ते सुटून आले.

दरम्यान, १९०९ च्या सुधारणांनी मुसलमानांना स्वतंत्र मतदारसंघ दिले होते. हा देश जातिधर्मांत दुभंगलेला आहे, तेव्हा येथे लोकशाही रुजणार नाही, हा परकी राज्यकर्त्यांचा नेहमीचा युक्तिवाद असे. त्याला उत्तर द्यावयाचे तर आधी आपसांत तडजोड करणे भाग होते. २८ एप्रिल १९१६ रोजी बेळगावास होमरूल लीग स्थापन झाली आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात लोकमान्य लखनौस आले.

स्वागत समितीचा बेत त्यांना मोटारीतून शांतपणे नेण्याचा होता. तरुणांनी मोटार अडविली, लोकमान्यांना भाड्याच्या घोडागाडीत बसविले आणि घोडे सोडून ती गाडी स्वतः ओढली. पुढे १९२७ साली काकोरी प्रकरणात फाशी गेलेले रामप्रसाद बिस्मिल त्या तरुणांत होते.

अंबिकाचरण मुजुमदार काँग्रेसचे अध्यक्ष होते. याच नगरात बॅ. जीना यांच्या अध्यक्षतेखाली मुस्लीम लीगही भरली होती. दोन्ही संस्थांनी मिळून प्रांतिक कौन्सिलांतील चारपंचमांश सभासद लोकनियुक्त असावेत अशी मागणी केली. मुसलमानांचे स्वतंत्र मतदारसंघ मान्य झाले. संयुक्त प्रांतात ते लोकसंख्येच्या सुमारे सातव्या हिश्श्याएवढे, पण त्यांना ३० टक्के जागा मिळाल्या. बंगालमध्ये ते निम्म्याहून अधिक, पण तेथे त्यांना ४० टक्क्यांवर थांबावे लागले. एखाद्या समाजाशी संबंधित ठरावास त्या समाजाच्या तीनचतुर्थांश प्रतिनिधींचा विरोध असल्यास तो पुढे नेऊ नये, असेही ठरले.

पंडित मदनमोहन मालवीयांसारख्यांना हे रुचले नाही. हिंदूंचे कैवारी म्हणून ओळखले गेलेले लोकमान्य मात्र कराराच्या पाठीशी उभे राहिले. सत्ता कोणत्या समाजाच्या हाती जाते यापेक्षा ती परक्यांकडून सुटते की नाही, हा त्यांचा प्रश्न होता. हिंदू, मुसलमान आणि सरकार अशी तिरंगी झुंज त्यांना दुरंगी करावयाची होती.

या मुत्सद्देगिरीची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. लखनौस दाखविलेले औदार्य घरी दिसले नाही. १९१७ साली ब्राह्मणेतर समाजाने स्वतंत्र प्रतिनिधित्व मागितले, तेव्हा लोकमान्यांनी विरोध केला. १९१८ साली मुंबईच्या परिषदेत ते अस्पृश्यतेविरुद्ध बोलले, परंतु वैयक्तिक प्रतिज्ञापत्रकावर सही मात्र केली नाही. एप्रिल १९२० मध्ये काढलेल्या काँग्रेस डेमोक्रॅटिक पार्टीच्या जाहीरनाम्यात मताधिकाराचा विस्तार आणि जातिमूलक निर्बंधांचे निवारण यांचा पुरस्कार होता. पण १ ऑगस्ट १९२० रोजी मुंबईस त्यांचे देहावसान झाले.

कराराचे फलित काय? १९१९ च्या कायद्याने जागांची वाटणी घेतली आणि खरी सत्ता गव्हर्नरांकडेच ठेवली. मत मूठभरांनाच मिळाले. स्वतंत्र मतदारसंघांची भिंत मात्र पक्की झाली आणि १९२० च्या अखेरीस जीना काँग्रेसबाहेर पडले. १९४७ ची फाळणी एकट्या लखनौ कराराचे फळ नव्हे. तरीही परक्याच्या देखरेखीखाली केलेली वाटणी मने जोडू शकत नाही, हे त्यातून दिसले. स्वतंत्र भारताच्या घटनेने ते मतदारसंघ रद्द केले आणि प्रत्येक प्रौढास मत दिले.

तरीही आम्हांस तो करार व्यर्थ वाटत नाही. एकी होईपर्यंत स्वराज्य थांबवा, हा परक्यांचा सल्ला होता. स्वराज्य मागता मागताच एकी साधावी लागते, हे लोकमान्यांनी ओळखले, आणि त्यासाठी आपल्याच माणसांची नाराजी पत्करली. लखनौत आम्ही मराठी माणसे संख्येने थोडी आहोत. थोड्यांना सोबत घेण्याची किंमत थोरल्यांनी मोजावी लागते, हे आमच्याइतके कोणास कळणार? महाराष्ट्रात जे थोडे आहेत, त्यांच्याशी वागतानाही याचे भान राहो. लोकमान्यांना आमचे विनम्र अभिवादन.