कार्ल कोलर

कार्ल कोलर (३ डिसेंबर १८५७ – २१ मार्च १९४४) हे व्हिएन्ना येथे शिकलेले व पुढे अमेरिकेत स्थायिक झालेले नेत्रतज्ज्ञ होते. रुग्ण शुद्धीवर असताना केवळ डोळा बधिर करून शस्त्रक्रिया करता येते, हे त्यांनी १८८४ मध्ये दाखवून दिले. त्यामुळे त्यांना स्थानिक भुलीचे जनक मानले जाते.

जीवन व शोध

कोलर यांचा जन्म बोहेमियातील शुटेनहोफेन (आजचे सुशित्से, चेक प्रजासत्ताक) येथे एका ज्यू कुटुंबात झाला. १८८२ मध्ये त्यांनी व्हिएन्ना विद्यापीठाची वैद्यकीय पदवी घेतली. त्या काळी डोळ्याच्या शस्त्रक्रियेत ईथर फारसे उपयोगी पडत नसे. बेशुद्ध रुग्णाला डॉक्टरांच्या सूचना पाळता येत नसत आणि नंतरच्या ओकाऱ्यांमुळे डोळ्याची जखम उघडण्याचा धोका असे.

सहकारी सिग्मंड फ्रॉइड तेव्हा कोकेनचा अभ्यास करीत होते. कोकेनने जीभ बधिर होते, हे आधीपासून माहीत होते. कोलर यांनी त्याचे द्रावण प्रथम बेडकाच्या, नंतर इतर प्राण्यांच्या व शेवटी स्वतःच्या डोळ्यात घातले. टाचणीचा स्पर्शही जाणवला नाही. १५ सप्टेंबर १८८४ रोजी हायडेलबर्ग येथील नेत्रतज्ज्ञांच्या परिषदेत हा शोध मांडला गेला. प्रवासखर्च न परवडल्याने कोलर यांचा निबंध योसेफ ब्रेटाउअर यांनी वाचला.

जानेवारी १८८५ मध्ये ज्यू असण्यावरून झालेल्या अपमानातून कोलर यांना तलवारीचे द्वंद्व लढावे लागले. व्हिएन्नात त्यांना हवी असलेली जागा मिळाली नाही. काही काळ उट्रेख्त येथे काढून १८८८ मध्ये ते न्यूयॉर्कला गेले व अखेरपर्यंत तेथेच राहिले. १९२२ मध्ये अमेरिकन नेत्रतज्ज्ञांच्या संस्थेने त्यांना पहिले ल्यूशियन हाउ पदक दिले.

बधिरतेचे कारण

कोकेनने वेदना का थांबते, याचा उलगडा कोलर यांच्या निधनानंतर झाला. १९५२ मध्ये हॉजकिन व हक्सली यांनी चेतातंतूतील संदेशाचे स्वरूप स्पष्ट केले. सोडियमचे धनप्रभारित आयन पेशीपटलातून आत शिरतात आणि त्यामुळे संदेश पुढे सरकतो. हे आयन ज्या सूक्ष्म मार्गिकांतून आत येतात, त्याच स्थानिक भुलीची औषधे रोखतात. औषधाचा प्रभाररहित रेणू पटल ओलांडून आत जातो, तेथे प्रभारित होतो आणि आतील बाजूने मार्गिका अडवतो. संदेश मेंदूपर्यंत न पोहोचल्याने वेदना जाणवत नाही. औषध ओसरले की मार्गिका पूर्ववत होतात.

वारसा

कोकेनचे व्यसन लागते व ते विषारी ठरू शकते, म्हणून पुढे प्रोकेन आणि १९४३ मध्ये लिडोकेन (भारतात प्रचलित नाव लिग्नोकेन) ही औषधे तयार झाली. आज वर्धा जिल्ह्यातील सेवाग्रामसारख्या ग्रामीण भागातही मोतीबिंदूची शस्त्रक्रिया बहुधा केवळ डोळा बधिर करून होते. या पद्धतीचा आरंभ कोलर यांच्या प्रयोगात आहे.