आगीनगाडी आणणारे नाना मुरबाडचे, पण मुरबाडला रूळ कधी?

मुरबाड : १६ एप्रिल १८५३. दुपारी साडेतीनच्या सुमारास बोरीबंदरहून देशातली पहिली प्रवासी रेल्वे ठाण्याकडे निघाली. तीन इंजिनं, १४ डबे, सुमारे ४०० पाहुणे आणि २१ तोफांची सलामी. ज्यांच्या खटपटीने हा दिवस उजाडला, त्यांतले एक जण आपल्या ठाणे जिल्ह्यातल्या मुरबाडचे. त्यांचं नाव जगन्नाथ शंकरशेट मुरकुटे, म्हणजेच नाना शंकरशेट.

नानांचा जन्म १० फेब्रुवारी १८०३ चा. घराणं दैवज्ञ सोनारांचं, वडिलांचा व्यापार मुंबईत. आई लहानपणीच गेली. १८२२ मध्ये वडीलही गेले, तेव्हा नाना विशीचेही नव्हते. एवढ्या कोवळ्या वयात पेढीचा सगळा भार अंगावर आला. त्यांनी तो सांभाळला आणि हातात आलेला पैसा लोकांच्या कामालाही लावला. मुलींना शिकवणं पाप मानायचे त्या काळात, १८४९ मध्ये, त्यांनी गिरगावातल्या आपल्या वाड्यात मुलींच्या शाळेला जागा दिली.

तेव्हा खानदेश-वऱ्हाडचा कापूस बैलांच्या पाठीवर आणि गाड्यांतून घाट उतरून मुंबई बंदरात यायचा. वाटेत आठवडेच्या आठवडे जायचे, पाऊस लागला की माल भिजायचा. विलायतेत आगीनगाडी धावते हे नानांना ठाऊक होतं. १८४५ मध्ये जमशेटजी जीजीभाई आणि इतरांना सोबत घेऊन त्यांनी रेल्वेसाठी संस्था काढली, सरकारकडे पाठपुरावा केला. पुढे १८४९ मध्ये जीआयपी रेल्वे कंपनी कायद्याने उभी राहिली. तिच्या संचालकांत हिंदी माणसं दोनच, नाना आणि जमशेटजी. कंपनीला सुरुवातीला कचेरी नव्हती, तर नानांनी आपल्याच घरात जागा करून दिली.

ठाण्यानंतर १८५४ मध्ये गाडी कल्याणला पोचली. तिथून दोन फाटे फुटले. एक बोरघाट फोडून १८६३ मध्ये पुण्याच्या बाजूला गेला, दुसरा कसाऱ्याचा थळघाट चढून १८६५ च्या सुरुवातीला इगतपुरीला. कापसाचा रस्ता मोकळा झाला. त्याच वर्षी ३१ जुलैला नानांनी डोळे मिटले. सह्याद्रीचे दोन्ही घाट रेल्वेने ओलांडले तेव्हा ते हयात होते.

सुट्टीच्या दिवशी जुने पूल आणि बोगदे बघायला निघणाऱ्यांनी ठाण्याच्या खाडीवरच्या पुलापाशी जरूर थांबावं. कल्याणला जाणारी गाडी १८५४ मध्ये इथूनच खाडी ओलांडून गेली. ठाणे, कल्याण, कसारा ही नावं रोज लोकलच्या पाटीवर दिसतात, पण त्यामागचा मुरबाडचा माणूस किती जणांना ठाऊक आहे?

राज्याने मुंबई सेंट्रल स्थानकाला नानांचं नाव द्यायचं ठरवलं, ते योग्यच झालं. पण मुरबाडचा शेतकरी आजही भाजीपाला टेम्पोत भरून कल्याण गाठतो, कॉलेजची पोरं एसटीची वाट बघतात. कल्याण-मुरबाड रेल्वेची मागणी जुनी, आता मंजुरीही आहे. कल्याणपासून मुरबाड जेमतेम तीस किलोमीटर. ज्यांनी साऱ्या देशाला रेल्वे दाखवली, त्यांच्या गावात ती पोचेल तेव्हाच नानांचं खरं स्मारक झालं म्हणायचं.