तुकोबांच्या वाटेने गेलेला एक साधक : रेव्हरंड नारायण वामन टिळक

गेल्या कार्तिकात नवी मुंबईत नेरूळ येथील सप्ताहात आमची सेवा झाली. आरतीनंतर एक तरुण पुढे आला व पाया पडला. तो मूळचा नगर जिल्ह्यातला, ख्रिस्ती कुटुंबातला. त्याने सांगितले की, आमच्या घरी दर रविवारी टिळकांचे अभंग टाळावर म्हणतात. तर महाराज, तुम्ही वारकरी मंडळी टिळकांना कोण समजता? आम्ही थकलो होतो. ते आमचे राहिले नाहीत, एवढे तुटक बोलून आम्ही चपला शोधू लागलो. पोरगा बिचारा गप्प झाला, नमस्कार करून निघून गेला. घरी आलो तरी ते उत्तर मनाला लागून राहिले. म्हणून वाचकहो, आज हे चरित्र येथे मांडीत आहोत. त्या मुलाला द्यावयाचे उत्तर राहून गेले, ते असे देऊ.

नारायणरावांचा जन्म १८६१ साली रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव येथे चित्पावन ब्राह्मण कुळात झाला. वडील वामनराव कडक स्वभावाचे, तर मातुःश्री जानकीबाई भाविक व काव्याची आवड असलेल्या. आई लहानपणीच गेली. पोरका मुलगा घर सोडून नाशकास आला आणि गणेशशास्त्री लेले यांच्यापाशी संस्कृत शिकला. आम्हीही पाठशाळेत वाढलो. दुसऱ्याच्या ओसरीवर राहून विद्या मिळविणे काय असते हे आम्हांस ठाऊक आहे. पुढे नारायणराव पुराण सांगत, कीर्तन करीत, कविता करीत. नोकरी मात्र एका जागी टिकेना. राग नाकावर, आणि हातात पैसा आला की तो मागेल त्याला देऊन मोकळे! नागपुरास श्रीमंत बुटी यांच्या आश्रयाने त्यांनी ग्रंथसंपादनाचे काम केले, ‘ऋषि’ नावाचे मासिकही चालविले. देश उठायचा तर आधी धर्म शुद्ध झाला पाहिजे, जातिभेद गेला पाहिजे, हा ध्यास त्यांच्या मनाने घेतला होता.

१८९३ साली ते आगगाडीने राजनांदगावास निघाले होते. डब्यात एक गोरा गृहस्थ भेटला. गोष्टी निघाल्या, त्या गृहस्थाने नव्या कराराची एक प्रत हाती ठेविली आणि दोन वर्षांच्या आत तुम्ही ख्रिस्ती व्हाल असे भाकीत केले. नारायणरावांना ते पटले नाही, पण पुस्तक वाचण्याचे वचन त्यांनी दिले व ते पाळले. वाचता वाचता ते डोंगरावरील प्रवचनापाशी आले आणि तेथेच थांबले. शत्रूवरही प्रेम करावे, उद्याची चिंता वाहू नये, दिलेले दान डाव्या हातास कळू देऊ नये, असा तो उपदेश आहे. ज्यांच्या कानांवर तुकोबांची वाणी लहानपणापासून पडली, त्यांना हा सूर परका वाटेल कसा? तुकाराम महाराजांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असे ते पुढे स्वतःच सांगत.

१० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

येथवर झाले ते श्रवण आणि मनन. श्रवण-मननाने मनुष्य पंडित होतो. साधक व्हायचा तर आचरण लागते. आणि आचरणाचा पहिला घाव बसला तो घरात. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई माहेरच्या गोखले. त्यांच्या वडिलांनी सोवळ्याचा इतका अतिरेक केला होता की घरच्यांना जगणे नकोसे व्हावे. अशा बाईला एके दिवशी कळले की आपला नवरा बाटला. चार-साडेचार वर्षे ताटातूट झाली. त्यातला काही काळ ही माउली आपल्या पंढरपुरातच होती. त्या दिवसांत तिने काय भोगले हे ‘स्मृतिचित्रे’ वाचणाऱ्यास ठाऊक आहे. नारायणरावांच्या चरित्रात हा डाग म्हणा, जखम म्हणा, आहेच. ती झाकून त्यांचा मोठेपणा सांगू नये. पण पुनर्विवाहाची वाट त्यांनी धरली नाही. पत्नीची वाट पाहिली. लक्ष्मीबाई परत आल्या त्याही धर्म न बदलता. सोवळे-ओवळे सांभाळीत त्या वेगळी चूल मांडून राहू लागल्या, आणि टिळकांनी ते चालू दिले. जात माणसाने केली, देवाने नव्हे, हे त्या बाईंना स्वतःच्या विचाराने उमगले तेव्हा सोवळे आपोआप गळाले, आणि १९०० च्या सुमारास त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. जो माणूस क्षणात भडकून उठे, त्याला एवढी वाट पाहता आली, हीच त्याची पहिली प्रगती असे आम्ही समजतो.

राग काही एकदम गेला नाही. नगरच्या (आता अहिल्यानगर) मुक्कामात त्यांचे भडकणे आणि मागाहून लहान मुलासारखे पस्तावणे चालूच होते. पण हात उघडाच राहिला. दुष्काळात अनाथ झालेली पोरे त्यांनी घरात आणली. घरात दाणा आहे की नाही हे पाहिले नाही. पुढे बालकवी ठोमरे त्यांच्याच घरी मुलासारखे राहिले. अमेरिकन मराठी मिशनच्या ‘ज्ञानोदय’ पत्राचे मराठी संपादन त्यांनी १९१२ पासून केले. देवळात विलायती चालीवर गाणारी मराठी मंडळी पाहून त्यांना चैन पडेना. त्यांनी अभंग रचले, टाळ-वीणा घेऊन ख्रिस्तकथेचे कीर्तन केले, आणि १९०९ साली ओवीबद्ध ‘ख्रिस्तायन’ आरंभिले. ते त्यांच्या हातून पुरे झाले नाही. घरीच अक्षरे गिरवायला शिकलेल्या लक्ष्मीबाईंनी पुढे चौसष्ट अध्याय लिहून त्या ग्रंथात भर घातली!

आता शेवटचे आख्यान. १९१७ साली, वयाच्या पंचावन्न-छप्पन्नाव्या वर्षी, नारायणरावांनी मिशनची पगारी नोकरी सोडली. उद्याची चिंता करू नये हे वाक्य आपण लोकांना सांगतो आणि पहिल्या तारखेस पगार घेतो, हे त्यांना सोसेना. ते साताऱ्यास गेले आणि ‘देवाचा दरबार’ उभारला. तेथे बाप्तिस्मा घेतलेला आणि न घेतलेला असा भेद नव्हता. ख्रिस्ताला गुरू मानणारा कोणीही त्यात यावा. हे मिशनमधल्या अनेकांस रुचले नाही. आधी ब्राह्मणांनी टाकले, आता ख्रिस्ती मंडळी बिचकली. तरी त्यांनी कोणाविषयी कडवटपणा धरला नाही. ९ मे १९१९ रोजी मुंबईत त्यांचा देह पडला. आपल्या देहाचे दहन व्हावे अशी त्यांची इच्छा होती, त्याप्रमाणे दहन झाले आणि अस्थी नगरास नेल्या.

सज्जनहो, येथे धर्मांतराचा वाद आम्हांस घालावयाचा नाही. आमचा विठोबा आम्हांस पुरेसा आहे. पण ग्रंथ वाचून तो अंगी कसा मुरवावा, हे ज्याला पाहावयाचे असेल त्याने हे चरित्र पाहावे. त्यांच्या ग्रंथातले एक एक वाक्य त्यांना वर्षानुवर्षे पुरले. जातीचे वाक्य लवकर साधले, दानाचे स्वभावातच होते, रागाचे शेवटपर्यंत पुरले, आणि उद्याच्या चिंतेचे साधायला बावीस वर्षे लागली. आम्ही चाळीस वर्षे वैराग्यावर कीर्तने करतो आणि बिदागीचा आकडा आधी फोनवर ठरवितो. त्या रात्री त्या पोराला आम्ही तुटक बोललो, ते टिळकांना परके समजून बोललो की आमचेच वर्म दुखले म्हणून, हे आम्हांस अद्याप सांगता येत नाही.

तो मुलगा ह्या पानांपर्यंत येईल न येईल. आला तर त्याने समजावे की आमचे उत्तर चुकले होते. पुढील सप्ताहात त्याने आपले टाळ घेऊन यावे. आमच्या शेजारी जागा आहे.

रामकृष्ण हरि.