चिंध्या पांघरणारा लोकशिक्षक

आमच्या लालबागच्या खोलीत दाराच्या मागे चार खुंट्या आहेत. त्यांतली दुसरी माझी. तीन कुडते, दोन सलवारी, एक ओढणी आणि थंडीत घालायचा एक स्वेटर, एवढा माझा बारा महिन्यांचा संसार त्या एका खुंटीवर मावतो. यातला एकही कपडा दुकानातून आलेला नाही. माझी आई दादरला दोन घरी स्वयंपाक करते. तिथल्या मुलींना कपडे लहान झाले किंवा नकोसे झाले की ते आमच्याकडे येतात. इतरांच्या घरचे जुने कपडे बोहारणीकडे जातात आणि त्यांच्या बदल्यात स्टीलचा डबा येतो; आमच्याकडे ते बोहारणीच्या आधीच उतरतात. मग आई बाजूच्या शिवणी आत घेते, दुमड उसवून लांबी वाढवते, आणि कुडता माझा होतो.

उन्हाळ्यात याचे काही वाटत नाही. खरी परीक्षा जुलैत. चाळीच्या गॅलरीत दोरीवर टाकलेला कपडा दोन दोन दिवस वाळत नाही. तिसरा कुडता ओला असला की इस्त्री फिरवून अर्धवट दमट कपड्यातच कॉलेज गाठावे लागते. पण ओल्या कपड्याचा गारवा दुपारपर्यंत जातो. एकदा वर्गातल्या एका मैत्रिणीने माझा निळा कुडता पाहून तो आपल्या मावसबहिणीचा असल्याचे सहज, हसत सांगितले. तिच्या मनात काही वाईट नव्हते. तरीही त्यानंतर दोन दिवस मी कॉलेजला आले नाही, आणि डोके दुखते असे घरी खोटे सांगितले.

हे सगळे सांगण्याचे कारण वेगळे आहे. गेल्या वर्षी संत गाडगे महाराजांच्या जयंतीला स्वच्छता मोहीम काढायची ठरली. सर्वांनी एकसारखे टी-शर्ट छापून घ्यावेत असे आम्हा मुलांमध्येच ठरले. वर्गणी दोनशे रुपये. मी यादीतून नाव काढून घेतले आणि रिकामा वेळ होता म्हणून ग्रंथालयात जाऊन बसले. तिथे प्रबोधनकार ठाकरे यांनी लिहिलेले गाडगेबाबांचे चरित्र हाती लागले. हे चरित्र १९५२ साली, म्हणजे बाबा हयात असतानाच प्रसिद्ध झाले होते. शाळेच्या पुस्तकात बाबांचा धडा होता, भिंतीवर चित्रही होते. पण माणूस म्हणून त्यांची ओळख मला त्या दिवशी झाली. ती ओळख माझ्या मित्रमैत्रिणींना करून द्यावी म्हणून हा लेख.

बाबांचे मूळ नाव डेबूजी झिंगराजी जानोरकर. २३ फेब्रुवारी १८७६ रोजी अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे एका परीट कुटुंबात त्यांचा जन्म झाला. परीट म्हणजे गावाचे कपडे धुणारा. दुसऱ्याचे कपडे स्वच्छ करून देणे हा ज्या घराचा धंदा, त्या घरातला मुलगा पुढे आयुष्यभर चिंध्यांत वावरला, हे वाचताना मी जरा थांबले. वडील झिंगराजी दारूच्या व्यसनात गेले. आई सखूबाई लहानग्या डेबूला घेऊन मूर्तिजापूर तालुक्यातील दापुरे या आपल्या माहेरी आली. तिथे डेबूने गुरे राखली, शेतात राबला, नांगर धरला. शाळेचे तोंड त्याने पाहिले नाही.

१८९२ साली कुंताबाईंशी त्यांचे लग्न झाले. याच काळात त्यांनी सावकारी कर्ज माणसाला कसे खाते ते घरातच पाहिले; मामांची जमीन कर्जापायी हातची गेली आणि त्या धक्क्याने मामाही गेले. अडाणी माणसाला कागदावर काय लिहिले आहे ते कळत नाही, आणि कळत नाही म्हणून तो अंगठा उठवतो, ही गोष्ट डेबूजींच्या मनात तिथेच रुतली असावी. मुलीच्या बारशाला जातभाईंना दारू-मटणाचे जेवण घालण्याची रीत होती. डेबूजींनी ती मोडून गोडाचे जेवण घातले. जातभाई रागावले, पण ते बधले नाहीत.

१ फेब्रुवारी १९०५ रोजी पहाटे त्यांनी घर सोडले. अंगावर फाटके धोतर, हातात काठी आणि एक मडके. त्यानंतरची बारा वर्षे ते पायी हिंडले. या हिंडण्यातच त्यांचा तो प्रसिद्ध वेष घडत गेला. लोकांनी टाकलेल्या रंगीबेरंगी चिंध्या जोडून शिवलेला अंगरखा, एका कानात कवडी, दुसऱ्या कानात फुटक्या बांगडीची काच, डोक्यावर किंवा हातात मातीचे गाडगे, आणि दुसऱ्या हातात खराटा. कपडा फाटला की त्यावर आणखी एक ठिगळ. कोणी नवे वस्त्र दिले तर ते दुसऱ्या गरजूच्या अंगावर जायचे. लोक त्यांना कुठे गोधडेबुवा म्हणत, कुठे चिंधेबुवा. शेवटी गाडग्यावरून पडलेले नाव टिकले. गाडगे हेच त्यांचे ताट, तेच पाण्याचे भांडे, आणि ऊन लागले की तीच टोपी. उन्हाळा, पावसाळा, हिवाळा, तिन्ही ऋतूंना पोशाख एकच.

हा वेष सोंग नव्हता. गावात शिरले की बाबा कोणाशी न बोलता खराट्याने रस्ते झाडायला लागत, गटारे साफ करत. पोरे मागे लागत, मोठी माणसे वेडा समजत. दिवसभर झाडून झाले की संध्याकाळी त्याच गावात कीर्तन. सकाळी गाव झाडायचे आणि रात्री माणसांची डोकी झाडायची, असा तो नेम होता. कीर्तनात देवळाच्या गोष्टी कमी आणि घरच्या जास्त. कर्ज काढून लग्न करू नका, देवापुढे कोंबडे-बकरे कापू नका, दारू पिऊ नका, शिवाशीव पाळू नका. वऱ्हाडी बोलीत ते समोरच्याला प्रश्न विचारत आणि उत्तर त्याच्याच तोंडून काढून घेत. पाया पडायला येणाऱ्याला मात्र काठीचा धाक. भाकरी मागून घ्यायची ती काम केल्यावर; फुकटची नाही.

पूर्णा नदीकाठी ऋणमोचन येथे यात्रेत येणारी माणसे चिखलात घसरत, म्हणून बाबांनी स्वतः माती वाहून तिथे घाट उभा केला. पुढे लोकांनी दिलेल्या पैशांतून पंढरपूर, नाशिक, आळंदी, देहू अशा ठिकाणी धर्मशाळा झाल्या. पंढरपूरला अस्पृश्य मानलेल्या यात्रेकरूंना कोणी थारा देत नसे, त्यांच्यासाठी चोखामेळा धर्मशाळा उभी राहिली. शिवाय गोरक्षण, सदावर्ते, शाळा, वसतिगृहे. हा सगळा कारभार पुढे चालावा म्हणून १९५२ साली श्री गाडगे महाराज मिशन स्थापन झाले. लाखांच्या इमारती आणि अंगावर दुसऱ्याच्या टाकलेल्या चिंध्या, असा हा हिशेब. या संस्थांच्या पैशाला त्यांनी स्वतः हात लावला नाही आणि घरच्यांनाही लावू दिला नाही.

आमचे मूळ गाव कणकवली तालुक्यात. गणपतीला जाताना खारेपाटण लागते. १९२३ साली याच खारेपाटणात बाबांचे कीर्तन चालू असताना एकुलता एक मुलगा गोविंदा गेल्याची बातमी आली. बाबांनी कीर्तन थांबवले नाही. चरित्रांमध्ये हा प्रसंग त्यांच्या वैराग्याची खूण म्हणून येतो. मला मात्र त्या वेळी कुंताबाई आठवल्या. नवरा घरातून गेला, मुलगा जगातून गेला. त्यांच्या वाट्याला आलेले साधे जगणे त्यांनी स्वतः निवडले होते का, हा प्रश्न मला सोडत नाही. बाबांच्या मोठेपणाला यामुळे उणेपणा येतो असे मी म्हणत नाही. पण त्यांच्या चिंध्यांची कथा लिहिताना कुंताबाईंच्या लुगड्याचाही विचार करायला हवा, एवढेच.

वेषाची आणखी एक हकीकत मुंबईशी जोडलेली आहे. १९४९ साली बाबा मुंबईत आजारी होते. कायदेमंत्री असलेले डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांना भेटायला आले ते दोन घोंगड्या घेऊन, असे सांगतात. कोणाकडून काही न घेणाऱ्या बाबांनी त्या घोंगड्या स्वीकारल्या. त्याच वर्षी पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा त्यांनी बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या हवाली केली. अक्षरशत्रू राहिलेल्या माणसाने आपली इमारत शिक्षणासाठी देऊन टाकली. कर्मवीर भाऊराव पाटलांनाही त्यांचा असाच पाठिंबा होता. १९५४ साली रयत शिक्षण संस्थेने कराडला काढलेल्या महाविद्यालयाला बाबांचे नाव दिले.

शिक्षण हा बाबांच्या कीर्तनाचा गाभा होता. ८ नोव्हेंबर १९५६ रोजी वांद्र्याच्या पोलीस वसाहतीत झालेले त्यांचे शेवटच्या दिवसांतले कीर्तन ध्वनिमुद्रित झाले. ते आजही ऐकायला मिळते. मी ते मोबाइलवर, गॅलरीत बसून ऐकले. पैसा नसेल तर जेवणाची भांडी मोडा, भाकरी हातावर घेऊन खा, बायकोला कमी किमतीचे लुगडे घ्या, पण मुलांना शाळेत घातल्यावाचून राहू नका, असा बाबांचा उपदेश असे. ऐकता ऐकता माझी नजर दोरीवर वाळणाऱ्या आईच्या साडीकडे गेली.

माझे आजोबा गिरणीत होते. १८ जानेवारी १९८२ रोजी संप सुरू झाला आणि आजोबा पुन्हा खात्यात गेले नाहीत. वडिलांचे शिक्षण सातवीत थांबले. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिली. हे कसे जमले याचा मी कधी विचार केला नव्हता. आईच्या खुंटीवर दोन साड्या आहेत आणि तिसरी लग्नाची, ती पेटीत. माझी फी, पुस्तके, पास या सगळ्याची बेरीज आईच्या न घेतलेल्या साड्यांमधून झाली आहे. गाडगेबाबांचे नावही फारसे न ऐकलेल्या माझ्या आईने त्यांचा उपदेश तंतोतंत पाळला, आणि मी मात्र निळ्या कुडत्यापायी दोन दिवस घरी बसले!

बाबांच्या चिंध्या आणि आमचे जुने कपडे यांत फरक आहे, हे मी विसरत नाही. त्यांनी गरिबी निवडली होती. आम्हाला ती न विचारता मिळाली. म्हणून कोणी गरिबाला बाबांचे उदाहरण देऊन गप्प बसवू नये. चिंध्या घाला असे बाबांनी कोणाला सांगितले नाही. कपड्यापायी, मानपानापायी कर्ज काढू नका आणि मुलांना अडाणी ठेवू नका, असे सांगितले. हा फरक कळल्यावर माझी लाज बरीचशी गेली. सगळी गेली असे म्हणणे खोटे होईल.

गेल्या पावसाळ्यात आमच्या वाडीतल्या एक काकी काकांना परळच्या टाटा रुग्णालयात दाखवायला घेऊन आल्या. आमच्या खोलीत जागा नव्हती. त्यांची सोय दादर पूर्वेच्या गाडगे महाराज धर्मशाळेत झाली. बाबांच्या पश्चात, १९८४ सालापासून ही धर्मशाळा कर्करोगाच्या रुग्णांसाठी चालते. मी डबा घेऊन जात असे. देशाच्या निरनिराळ्या भागांतून आलेली माणसे, प्रत्येकाजवळ एखादी पिशवी आणि तीत दोन जोड कपडे. काकी रात्री एक लुगडे धुऊन टाकत आणि सकाळी तेच नेसून रुग्णालयाच्या रांगेत उभ्या राहत. तिथे कोणी कोणाचे कपडे पाहत नव्हते. सगळ्यांच्या नजरा हातातल्या कागदांवर होत्या. काकींना ते कागद वाचता येत नव्हते. मी वाचून दाखवले. मामांची जमीन घेऊन गेलेला कागद मला तेव्हा आठवला.

२० डिसेंबर १९५६ रोजी अमरावतीकडे जाताना वलगावजवळ, पेढी नदीच्या पुलापाशी बाबांची प्राणज्योत मालवली. बाबासाहेब जाऊन तेव्हा दोनच आठवडे झाले होते. मागे मालमत्ता म्हणून खराटा, गाडगे, काठी आणि चिंध्या. अमरावतीला त्यांची समाधी आहे आणि तिथल्या विद्यापीठाला आज त्यांचे नाव आहे.

यंदाच्या जयंतीला मी यादीतून नाव काढले नाही. टी-शर्ट घेतला नाही, निळा कुडता घालून गेले. कार्यक्रमाच्या आमच्या प्राध्यापकांनी काही न विचारता हातात झाडू दिला आणि फाटकापासून वळणापर्यंतचा रस्ता आम्ही चौघींनी झाडला. फोटोत मी वेगळी दिसते खरी.

चाळीतल्या दोन मुलांच्या शिकवण्या मी सध्या घेते. त्या पैशांतून दिवाळीला आईसाठी एक साडी घ्यायची आहे, नवी, दादरच्या दुकानात तिला सोबत नेऊन, तिने स्वतः निवडलेली. बाबा असते तर आधी पुस्तके घेतलीस का, असे त्यांनी दरडावून विचारले असते. पुस्तके घेतली आहेत. म्हणून या खर्चाला त्यांची ना नसावी, असे मला वाटते.

द्वितीय वर्ष बी. ए.