पंडिता रमाबाई : दुःख आणि प्रार्थना

देव दयाळू आहे, तर तो दुःख कां येऊं देतो, आणि प्रार्थना केली असतां तें टळत कां नाहीं, असा प्रश्न आमच्या विद्यार्थ्यांच्या मनांत वारंवार येतो. म्हणून पंडिता रमाबाईंचें चरित्र आम्ही येथें थोडक्यांत देत आहों. त्यांची कर्मभूमि केडगांव आपल्या दिघीप्रमाणेंच पुणें जिल्ह्यांत आहे.

रमाबाईंचा जन्म 1858 सालीं झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनीं लोकांचा रोष पत्करून पत्नीस संस्कृत शिकविलें, व त्या माउलीनें तें धन कन्येस दिलें. पुराणें सांगत हें कुटुंब तीर्थोतीर्थीं फिरे. पुढें दुष्काळ आला. उपासतापास, दानधर्म, देवाचा धांवा, सर्व कांहीं झालें. तरी आईबाप व थोरली बहीण अन्नावांचून गेलीं. 1878 सालीं कलकत्त्याच्या विद्वानांनीं त्यांस पंडिता म्हणून गौरविलें. परंतु 1880 सालीं बंधु व 1882 सालीं पति निवर्तले. पदरीं मनोरमा ही तान्ही मुलगी राहिली.

1883 सालीं इंग्लंडांत त्यांनीं बाप्तिस्मा घेतला. म्हणून दुःखें थांबलीं काय? नाहीं. कानांस बहिरेपण आलें. 1889 सालीं मुंबईस शारदा सदन काढलें, त्यावर पुढें टीकेचा भडिमार झाला. तथापि 1896–97 च्या दुष्काळांत बाई मध्यप्रांतांत गेल्या आणि उपाशी मुलींस घेऊन आल्या. भूक म्हणजे काय, हें त्यांस कोणीं सांगावें लागलें नाहीं. केडगांवीं मुक्तिसदन उभें राहिलें. तेथें प्रार्थना चाले, तशीच शेतीही चाले. विहिरी खणल्या जात, छापखाना चाले, अंध स्त्रियांसही हातकाम शिकवीत.

1921 सालीं मनोरमाबाईही वारल्या. वृद्ध मातेनें पवित्र शास्त्राचें मराठी भाषांतर तडीस नेलें, आणि 5 एप्रिल 1922 रोजीं देह ठेविला.

प्रभु येशूनेंही गेथशेमाने बागेंत दुःखाचा प्याला टळावा अशी विनंती केली होती. प्याला टळला नाहीं; तो पिण्याचें बळ मिळालें. रमाबाईंच्या आयुष्यांत आम्हांस हेंच दिसतें. त्यांच्या आईबापांस भाकर कां मिळाली नाहीं, ह्याचें उत्तर आम्हांपाशीं नाहीं. परंतु त्या दुःखांतून शेंकडों अनाथ मुलींस भाकर मिळाली, हें खरें आहे. विद्यार्थिमित्रहो, संकटांत अवश्य प्रार्थना करा. आणि प्रार्थनेहून उठल्यावर शेजारीं कोण उपाशी आहे, तेंही पाहा.