स्मिता पाटील : अवघी एकतीस वर्षं

पडद्यावर दिसायचं तर गोरंपान असायलाच हवं, असं आपल्याकडे अजूनही पुष्कळांना वाटतं. पण १९७० च्या दशकात मुंबई दूरदर्शनवर एक सावळी मुलगी मराठी बातम्या वाचायची आणि लोक बातम्या सोडून तिच्या डोळ्यांकडेच बघत राहायचे. कॅमेऱ्यात कमरेच्या वरचंच दिसतं ना, म्हणून ही पठ्ठी जीन्सवरच साडी गुंडाळून बसायची!

ती स्मिता पाटील. जन्म पुण्यातला, १७ ऑक्टोबर १९५५ चा. घराणं मात्र शिरपूरचं, म्हणजे आपण सिल्लोडकर अजिंठ्याचा घाट उतरलो की जो खानदेश लागतो, तिथलं. वडील शिवाजीराव राजकारणात, आई विद्याताई समाजकार्यात. राष्ट्र सेवा दलाचे संस्कारही होतेच.

श्याम बेनेगल यांनी तिला चित्रपटात आणलं. १९७५ साली 'निशांत', १९७६ ला 'मंथन'. गुजरातच्या पाच लाख दूध उत्पादकांनी प्रत्येकी दोन रुपये काढून केलेला हा सिनेमा! मग हंसा वाडकर यांच्या आत्मचरित्रावरचा 'भूमिका' (१९७७) आला आणि तिला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. दुसरा 'चक्र'साठी. सत्यजित राय यांनी दूरदर्शनसाठी केलेल्या 'सद्गती'तही (१९८१) ती होती.

१९८२ हे वर्ष मात्र विलक्षणच. 'उंबरठा'मधली सुलभा महाजन महिला सुधारगृहाची अधीक्षक म्हणून घराबाहेर पडते, आणि परत आल्यावर ते घर तिचं उरलेलं नसतं. त्याच वर्षी 'बाजार', 'अर्थ' आणि चक्क 'नमक हलाल'! त्यातल्या पावसातल्या गाण्यानंतर ती फार अस्वस्थ झाली होती म्हणतात. ती धंदेवाईक सिनेमाकडे वळली म्हणून नाकं मुरडणारेही होते. मला ते पटत नाही. लहान बजेटच्या सिनेमालासुद्धा खपणारा चेहरा लागतो, आणि 'नमक हलाल' बघणारा प्रेक्षक कधीतरी 'उंबरठा'लाही येऊ शकतो.

१९८५ मध्ये पद्मश्री मिळाली. पुढच्याच वर्षी २८ नोव्हेंबरला मुलगा झाला. बाळंतपणानंतर गुंतागुंत झाली आणि १३ डिसेंबर १९८६ ला ती गेली. बाळ पंधरा दिवसांचं होतं.

'मिर्च मसाला' तिच्यामागे १९८७ मध्ये लागला. शेवटच्या दृश्यात सुभेदाराच्या डोळ्यांत बायकांनी फेकलेलं तिखट गेलेलं असतं, आणि समोर सोनबाई हातात विळा घेऊन उभी असते.